मागे राहिलेली लेक

सूनबाईंनी नाटकाचे नाव सांगितले, "नाइन नाइट", आणि मी अगदी भाबडेपणाने विचारले, "म्हणजे नवरात्राचे नाटक का ग?" नात खो खो हसत सुटली. "आजी, अगं जमैकाच्या लोकांचं नाटक आहे ते! कुणी गेलं की नऊ रात्री जागवतात."

आता सातासमुद्रापलीकडे येऊन, तिकिटाला पैसे मोजून, परक्यांच्या घरचे सुतक कशाला पाहायचे, असे मला वाटलेच. पण ह्यांनी कोट चढवला होता, तेव्हा माझे कोण ऐकणार!

ही 2022 सालची गोष्ट. आम्ही उभयता मुलाकडे लीड्सला गेलो होतो. इंग्लंडच्या उत्तरेकडील हे शहर एके काळी लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. तिथल्या चॅपलटाउन भागात वेस्ट इंडीजहून आलेल्या लोकांची जुनी वस्ती आहे. त्यांचा 1967 साली सुरू झालेला कार्निव्हल ऑगस्टअखेरीस रस्त्यावर नाचत निघतो. त्या रात्री बसस्थानकाजवळच्या नाट्यगृहात ही मंडळीही कुटुंबेच्या कुटुंबे आली होती. माझ्या पुढच्याच रांगेत एक आजीबाई टोपी घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. लग्नाला आल्यासारखा थाट होता त्यांचा!

पडदा नव्हताच. समोर लंडनमधल्या एका घराचे स्वयंपाकघर मांडलेले होते. वरच्या मजल्यावर ग्लोरिया नावाची म्हातारी आजारी आहे. ती रंगमंचावर कधीच येत नाही. तरी सारे नाटक तिचेच. नोकरी सोडून आईची सेवा करणारी मुलगी लोरेन, घर विकण्याची घाई झालेला मुलगा रॉबर्ट, नात अनिता, आणि सगळ्यांना चार शब्द सुनावणारी मॅगीमावशी. म्हातारीने डोळे मिटले आणि माणसांची रीघ लागली. खाणे, पिणे, गाणी, चेष्टामस्करी! दुःखाच्या घरात हा गोंधळ पाहून मी आधी बिचकले. मग लक्षात आले की, आपल्याकडे तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते ते तरी कशासाठी? घरच्यांना एकटे पडू द्यायचे नाही म्हणूनच ना?

नवव्या रात्री हे लोक घरातले सामान हलवून ठेवतात. आत्म्याला, त्यांच्या भाषेत 'डपी'ला, आपली खोली ओळखू येऊ नये आणि त्याने सुखाने पुढच्या वाटेला लागावे, हा हेतू. आपण पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहतो, मनातल्या मनात गेलेल्याला वचने देतो. रीत निराळी, पण "आता अडकू नकोस" हे सांगणे एकच.

नताशा गॉर्डन या अभिनेत्रीने स्वतःच्या आजीच्या निधनाच्या अनुभवावरून हे नाटक लिहिले. तिचे हे पहिलेच नाटक. 2018 साली ते लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आले आणि त्याच वर्षी वेस्ट एंडला गेले. कृष्णवर्णीय ब्रिटिश लेखिकेचे नाटक तिथे पोचण्याचा तो पहिलाच प्रसंग.

मध्यंतरात ह्यांनी इतिहास सांगायला घेतला. 22 जून 1948 रोजी 'एम्पायर विंडरश' बोटीतून शेकडो वेस्ट इंडियन मंडळी टिलबरी बंदरात उतरली. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या इंग्लंडला कामकरी हात हवे होते. त्यांनी बसगाड्या चालवल्या, इस्पितळांत रुग्णांची सेवा केली. वसाहतींतले रहिवासी म्हणून ती कायद्याने ब्रिटिश नागरिकच होती. पण 1962 साली कायद्याने दार अर्धे लोटले, आणि 2018 साली तर असे उघडकीस आले की, बालपणी कायदेशीरपणे आलेल्या अनेकांना केवळ कागद नाहीत म्हणून नोकरी, औषधपाणी, प्रसंगी देशही गमवावा लागला होता. गृहमंत्रीणबाईंना राजीनामा द्यावा लागला.

"आणि बरं का," हे म्हणाले, "त्यांच्या जेवणातली मटणाची करी आपल्या लोकांनी नेलेली. 1845 पासून हिंदुस्थानातून हजारो गिरमिटिया मजूर जमैकाला गेले."

पण हा सारा इतिहास मी उत्तरार्धात विसरले. कारण दारातून ट्रूडी आली.

ट्रूडी ही ग्लोरियाची थोरली लेक. इंग्लंडला येताना ग्लोरियाने तिला जमैकात मागेच ठेवले होते. पुढे इकडे लोरेन आणि रॉबर्ट जन्मले. ट्रूडी तिकडेच वाढली. आता ती आईच्या नवव्या रात्रीला आली आहे. हसते आहे, बोलते आहे. आणि मग हसण्याखाली दडलेला तो जुना सल वर येतो. मला का नाही नेलेस?

मी शेजारी पाहिले. अंधारात सूनबाई ओठ दाबून बसल्या होत्या.

आमची नातही मागे राहिलेलीच होती. 2008 साली मुलगा आणि सूनबाई इकडे आली तेव्हा ती दोन वर्षांची होती. बस्तान बसेपर्यंत तिला आम्ही डोंबिवलीला ठेवून घेतले. ते बसायला तीन वर्षे लागली. सूनबाई न्यायला आल्या तेव्हा पोर माझ्या पदराआड लपली आणि मलाच "आई, आई" म्हणून बिलगली. हा किस्सा मी हळदीकुंकवाला, लग्नकार्यात, कितीदा तरी रंगवून सांगितला आहे! तो सांगताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. त्या वेळी सूनबाई नेमक्या चहा करायला आत का जात, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

परतताना बसमध्ये कुणी फारसे बोलले नाही. घरी आल्यावर नातीने एकदम विचारले, "आई, मला ठेवून आलीस तेव्हा तू रडली होतीस?"

सूनबाई म्हणाल्या, "विमानात नाही रडले. इथे आल्यावर बॅग उघडली, तर तुझा एक मोजा निघाला. मग मात्र..." त्यांना पुढे बोलवेना. सोळा वर्षांची ती घोडी आईच्या कुशीत शिरली.

मी स्वयंपाकघरात जाऊन दूध तापत ठेवले. डब्यांचा क्रम लावताना हात थांबला. मी आल्यापासून ते स्वयंपाकघर माझ्या सोयीने मांडून टाकले होते. मसाल्याचा डबा डावीकडे, चहासाखर उजवीकडे. एकेक डबा उचलून मी सूनबाईंच्या मूळच्या जागी ठेवला.

सकाळी त्यांनी फळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "आई, हे काय?"

"काही नाही ग," मी म्हटले, "तुझं घर आहे, तुझ्या हाताला सापडायला हवं."

तो किस्सा त्यानंतर मी कुणालाही सांगितलेला नाही. आज इथे लिहिला तो सूनबाईंना विचारून.