शालेय भाषा व साहित्य अध्ययनात संप्रेषण कौशल्यांचे उपयोजन : चांदे (ता. मुळशी, जि. पुणे) परिसराच्या संदर्भात

सारांश

शालेय स्तरावर मराठी विषयाचे अध्यापन प्रामुख्याने वाचन व लेखन या दोन कौशल्यांभोवती फिरते. श्रवण व भाषण ही कौशल्ये अभ्यासक्रमात नमूद असूनही प्रत्यक्ष वर्गात दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत लेखात संप्रेषणाची संकल्पना, परीक्षापद्धतीतील तिचे स्थान आणि मुळशी परिसरातील जात्यावरच्या ओव्यांच्या आधारे तिचे वर्गातील उपयोजन यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : संप्रेषण, श्रवण, संभाषण, बोली, ओवी, तोंडी परीक्षा.

१. प्रस्तावना

चांदे हे पुणे शहराच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात वसलेले गाव होय. हिंजवडी-माण येथील माहिती तंत्रज्ञान नगरी त्याच्या जवळच आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या पट्ट्यात शेतजमिनींचे रूपांतर वसाहतींत होऊ लागले. शहरालगतच्या अशा गावांतील शाळांमध्ये मावळी बोली घरी बोलणारी शेतकऱ्यांची मुले, बांधकामावर आलेल्या स्थलांतरित कुटुंबांची मुले आणि नव्या वसाहतींतील मुले एकाच बाकावर बसण्याची शक्यता असते. पाठ्यपुस्तक मात्र सर्वांसाठी एकच असते आणि त्याची भाषा प्रमाण मराठी असते.

अशा वर्गात ज्या विद्यार्थ्याची घरची भाषा पुस्तकापासून सर्वांत दूर असते, तो बहुधा सर्वांत कमी बोलतो. त्याला पाठ समजलेला नसतो असे नव्हे. आपण बोललो तर हसे होईल, ही भीती त्याला गप्प ठेवते. हाच विद्यार्थी पुढे महाविद्यालयात येतो तेव्हा मुलाखतीत, चर्चासत्रात वा कार्यालयात मागे पडतो. त्यामुळे संप्रेषण कौशल्य हा केवळ व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराचा विषय न राहता भाषाशिक्षणाचा गाभा ठरतो.

२. संकल्पना

भाषेचे व्याकरण जाणणे आणि भाषा योग्य प्रसंगी, योग्य व्यक्तीशी, योग्य रीतीने वापरता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकन भाषामानववैज्ञानिक डेल हाइम्स यांनी दुसऱ्या क्षमतेस ‘संप्रेषणक्षमता’ असे संबोधले व १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिचे सविस्तर विवेचन केले. वाक्य निर्दोष असूनही प्रसंगास विसंगत असू शकते, हे त्यांच्या मांडणीचे सार होय. आजोबांना ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हे व्याकरणाच्या नियमावरून ठरत नाही. ते घराच्या रीतीवरून ठरते.

साहित्याच्या संदर्भात रोमन याकोबसन यांची १९६० मधील मांडणी उपयुक्त आहे. प्रत्येक भाषिक व्यवहारात प्रेषक, ग्राहक, संदेश, संदर्भ, संपर्क आणि संकेत हे सहा घटक असतात. कवितेत भर संदेशाच्या घडणीवर असतो. तथापि उरलेले पाच घटक नाहीसे होत नाहीत. कविता शिकविताना ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ हा एकच प्रश्न विचारला जातो, तेव्हा ते पाचही घटक दृष्टीआड होतात. ‘कोण बोलत आहे? कोणाशी? कोणत्या वेळी? ऐकणारा काय उत्तर देईल?’ हे प्रश्न जोडले की तीच कविता एक संवाद म्हणून उलगडू लागते.

३. अभ्यासक्रम व परीक्षेतील स्थान

अभ्यासक्रमाच्या पातळीवर या विचाराला विरोध नाही. महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये स्वीकारले गेले व आकारिक मूल्यमापनात तोंडी कामास स्थान मिळाले. बालभारतीच्या नव्या पाठ्यपुस्तकांत कृतींवर भर आला, इयत्ता दहावीसाठी प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली आणि उपयोजित लेखन हा स्वतंत्र विभाग झाला. इयत्ता बारावीच्या ‘युवकभारती’त मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल व वृत्तलेख यांचा समावेश आहे.

अडचण अंमलबजावणीत आहे. दहावीच्या भाषा विषयांसाठीचे २० अंतर्गत गुण २०१८-१९ या शैक्षणिक वर्षात रद्द करण्यात आले. मार्च २०१९ च्या परीक्षेचा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. त्यानंतर २०१९-२० पासून अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले. या वादात चर्चा निकालाच्या टक्क्यांची झाली. हे गुण सढळ हाताने वाटले जातात, हा आक्षेप एका बाजूला होता. विद्यार्थ्यांचे नुकसान होते, ही तक्रार दुसऱ्या बाजूला होती. श्रवण व भाषण यांची परीक्षा घेणारी शालान्त स्तरावरील ही एकमेव औपचारिक जागा आहे, हा मुद्दा दोन्ही बाजूंनी फारसा मांडला गेला नाही. गुण रद्द केल्याने ती जागा नाहीशी झाली होती. ते परत दिल्याने ती आपोआप भरली असे म्हणता येत नाही.

४. मुळशीतील ओवी : साहित्य आणि संप्रेषण यांचा संगम

संप्रेषणाधारित साहित्य अध्यापनासाठी मुळशी तालुक्याला स्वतःचे साधन उपलब्ध आहे. हेमा राईरकर व गी पॉयतव्हाँ यांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील गावांतून, विशेषतः मुळशी-मावळ परिसरातून, जात्यावरच्या ओव्यांचे संकलन सुरू केले. पुढे हे काम राज्यभर विस्तारले. एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या त्यातून नोंदल्या गेल्या. बेर्नार बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रकाशित होत आहे.

जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते. पहाटे दळताना एक बाई ओळ उचलते, दुसरी तिला साथ देते. ओवीत कोणीतरी कोणालातरी हाक मारीत असते : सखीला, भावाला, आईला, लेकीला, विठ्ठलाला किंवा प्रत्यक्ष जात्याला. एरव्ही चारचौघांत जे बोलता येत नसे, ते घरघरीच्या आडून बोलले जाई. याकोबसन यांचे सहाही घटक येथे विद्यार्थ्यांना सहज दाखविता येतात. या आधारे वर्गात पुढील चार टप्प्यांचे काम करता येईल.

(अ) श्रवण : शिक्षक ध्वनिमुद्रित ओवी दोनदा ऐकवितात. लिखित पाठ दिला जात नाही. विद्यार्थी कोण कोणाशी बोलते आहे, एवढेच सांगतात. शब्दार्थ नंतर येतात.

(आ) लेखनांतर : विद्यार्थी ओवी ऐकू आली तशी लिहितात. येथे ‘पाणी’ लिहावे की ‘पानी’, असा प्रश्न उभा राहतो. गाणारीचा उच्चार ‘पानी’ असेल तर तसाच लिहावा व खाली प्रमाण भाषेत अर्थ द्यावा. या एका कृतीतून बोली अशुद्ध नाही आणि प्रमाण भाषेलाही स्वतःचे प्रयोजन आहे, या दोन्ही गोष्टी व्याख्यानावाचून समजतात. मावळी बोलणारा विद्यार्थी या टप्प्यावर वर्गाचा जाणकार ठरतो.

(इ) मुलाखत : विद्यार्थी घरातील वा शेजारच्या वृद्ध स्त्रीस भेटून ओवी विचारतात. भेटीआधी प्रश्न ठरविणे, नोंद करण्यास परवानगी मागणे, मध्ये न तोडता ऐकणे आणि शेवटी आभार मानणे, ही सर्व कौशल्ये येथे खऱ्या गरजेतून येतात. ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही, त्यांनी आपल्या आजीचे कामाचे गाणे आणून त्याचा अर्थ मराठीत सांगावा.

(ई) प्रत्युत्तर : ओवीत ज्याला हाक मारली आहे, त्याच्या वतीने विद्यार्थी बोलतात किंवा पत्र लिहितात. सासरी असलेल्या बहिणीच्या ओवीला भावाचे उत्तर काय असेल, याचा विचार करताना रसग्रहण आपोआप घडते.

५. उपयोजित लेखनाशी सांगड

हीच रीत पाठ्यपुस्तकातील उपयोजित लेखनास लावता येते. एकच विषय, उदाहरणार्थ वस्तीवरील पाणीपुरवठा, तीन ठिकाणी मांडण्यास सांगावा : ग्रामपंचायतीस अर्ज, ग्रामसभेत दोन मिनिटांचे भाषण आणि मित्राशी गप्पा. तिन्ही रूपे शेजारी ठेवली असता संबोधन, वाक्यरचना व तपशिलांची निवड कशी बदलते, हे विद्यार्थी स्वतः टिपतात. पत्राचा ठराविक आराखडा पाठ करून हे साधत नाही.

६. मूल्यमापन

तोंडी कामास वेळ नसतो, हा शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकास दोन मिनिटे दिली तरी १२० मिनिटे, म्हणजे ३५ मिनिटांच्या सुमारे चार तासिका लागतात. त्यामुळे वर्षअखेरीस एकदम परीक्षा घेण्याऐवजी दर आठवड्यास पाच-सहा विद्यार्थ्यांची नोंद ठेवणे व्यवहार्य ठरते. या गतीने एका सत्रात सर्वांची एक फेरी पूर्ण होते.

निकष मोजके असावेत : ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगता येणे, विचारांचा क्रम, श्रोत्यास अनुरूप भाषा आणि विचारलेल्या प्रश्नास उत्तर. उच्चाराच्या धाटणीस गुण ठेवू नयेत. अन्यथा परीक्षा घराची होते, कौशल्याची नव्हे. संकोची विद्यार्थ्यास प्रथम जोडीत, मग गटात व त्यानंतर वर्गासमोर बोलण्याची संधी द्यावी.

७. समारोप

गिरण्या आल्यानंतर जाते मागे पडले. ओव्या मुखोद्गत असलेल्या स्त्रियांची पिढी आज वृद्ध आहे. शहरालगतच्या गावांत हा बदल अधिक वेगाने होत आहे. म्हणून तेथील शाळांनी हे काम लवकर हाती घेणे इष्ट ठरेल. महाविद्यालयीन मराठी विभागांना येथे निश्चित वाटा उचलता येईल : परिसरातील शाळांसाठी निवडक ध्वनिमुद्रणांचा संच तयार करणे, बी.एड. छात्राध्यापकांना लेखनांतराचे प्रशिक्षण देणे आणि प्रथम वर्षाच्या वर्गात तोंडी सादरीकरणास लेखी कामाइतकेच महत्त्व देणे. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या भाषेत दहा वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्यास तीत निर्भयपणे बोलता व लक्षपूर्वक ऐकता यावे, ही अपेक्षा त्या दर्जाशी सुसंगतच आहे.