गुरुव्याधित आणि लघुव्याधित : पावसाळी ज्वराच्या परीक्षेविषयी

आषाढ सरत आला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या आपल्या सर्वच दवाखान्यांत एका तक्रारीची रांग लागते : ‘ताप येतोय, अंग मोडून आलंय.’ संध्याकाळच्या लोकलमधून उतरलेला नोकरदार रात्री साडेआठ-नऊला दवाखान्याची पायरी चढतो. बाहेर पंधरा जण बसलेले असतात आणि वैद्याच्या वाट्याला प्रत्येकामागे जेमतेम पाच मिनिटे येतात. या पाच मिनिटांत हा ताप साधा विषाणुज्वर आहे, हिवताप आहे, डेंग्यू आहे, लेप्टोस्पायरोसिस आहे की आंत्रिक ज्वर, याचा विचार करावयाचा असतो. औषधयोजनेवर आपल्या नियतकालिकातून पुष्कळ लेखन होते. औषधापूर्वीच्या त्या पाच मिनिटांविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात आधी रोगाची परीक्षा, नंतर औषधाचा विचार आणि त्यानंतर चिकित्साकर्म असा क्रम घालून दिला आहे. प्रस्तुत लेखात त्यातील पहिल्या पायरीचा विचार करावयाचा आहे.

एका सायंकाळची गोष्ट

काही वर्षांपूर्वीच्या श्रावणातील एक प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण गुरुवारी ताप येऊन शुक्रवारी आमच्याकडे आला होता. ताप १०२, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे ठणका. आम्ही औषध दिले, रक्ततपासणी सुचविली आणि तीन दिवसांनी येण्यास सांगितले. सोमवारी सायंकाळी तो आईसह आला तो हसतच. ‘डॉक्टर, ताप गेला. उद्यापासून कामावर जातो, फक्त दाखला द्या.’ तापमापकाचा पारा ९८.४ वर होता. दाखल्याचे पुस्तक आम्ही पुढे ओढले देखील. एवढ्यात आई म्हणाली, ‘सकाळपासून पोटात पाणीसुद्धा टिकत नाही त्याच्या. पण याचं आपलं ऑफिस, ऑफिस!’

लेखणी खाली ठेवून आम्ही त्याचा हात हाती घेतला. तळहात गार व ओलसर होता. नाडी मिनिटाला ११६. रक्तदाब १०० वर ८४, म्हणजे दोहोंतील अंतर अवघे १६. नख दाबून सोडल्यावर त्याची लाली परत येण्यास चार सेकंद लागले. उजव्या बरगडीखाली स्पर्श सहन होत नव्हता आणि लघवी सकाळनंतर झालीच नव्हती. दाखल्याऐवजी आम्ही चिठ्ठी लिहिली, स्वतः रिक्षा बोलावली आणि त्याला रुग्णालयात पाठविले. निदान डेंग्यूचे झाले आणि वेळेवर शिरेतून द्रव मिळाल्याने तो बरा झाला.

त्याच सायंकाळी, त्याच्या आधी, एक मध्यमवयीन भगिनी कण्हत, रडत, दोघांच्या आधाराने आत आल्या होत्या. ताप १०३. त्यांची अवस्था पाहून बाहेरच्या रुग्णांनी त्यांना स्वतःहून पुढे सोडले होते. त्यांचा रक्तदाब उत्तम होता, लघवी स्वच्छ होत होती, पेज पोटात टिकत होती. दोन दिवसांत त्या हिंडूफिरू लागल्या. रांगेने ज्यांना पुढे सोडले त्यांना धोका नव्हता, आणि जो हसत शेवटी आला तो मृत्यूच्या उंबरठ्यावर होता.

विमानस्थानाचा सातवा अध्याय

चरकसंहितेतील व्याधितरूपीय विमानात हाच विषय आला आहे. आचार्य सांगतात की व्याधी गुरू असूनही सत्त्व, बल व शरीर यांच्या संपन्नतेमुळे एखादा रुग्ण लघुव्याधित भासतो. उलट व्याधी लघू असताना या गोष्टींच्या हीनतेमुळे दुसरा गुरुव्याधित भासतो. केवळ डोळ्यांनी पाहून ठरविणारा वैद्य येथे फसतो आणि त्याची औषधमात्राही चुकते. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी हा अध्याय परीक्षेसाठी पाठ केला. त्याचा खरा उपयोग मात्र पावसाळी ज्वराच्या रांगेत आहे.

डेंग्यूमध्ये या भासाला आणखी एक कारण मिळते. या व्याधीत ज्वर सर्वसाधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. धोक्याचा हा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा असतो. म्हणजे रुग्ण, त्याचे आप्त आणि कधी कधी वैद्यही ज्या क्षणी सुटकेचा निःश्वास टाकतात, तो क्षण सर्वांत अधिक सावधपणाचा होय. निदानपंचकाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे ज्वराचे उतरणे हा उपशय नव्हे, उपशयाचा आभास आहे. रूप बदलले, संप्राप्ती मात्र पुढेच चालली आहे.

अंकाची साक्ष

वरील प्रसंगात आमची एक चूक होती, ती सांगितली पाहिजे. शुक्रवारी आम्ही त्या तरुणाचा रक्तदाब मोजलाच नव्हता. ताप होता, वय लहान होते, म्हणून गरज वाटली नाही. परिणामी सोमवारचा १०० वर ८४ हा आकडा ताडून पाहण्यास आमच्या केसपेपरवर काहीही नव्हते. आई बोलली नसती तर कदाचित तो आकडा सोमवारीही नोंदला गेला नसता.

म्हणून आमची सूचना अशी की ज्वराच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या केसपेपरवर पहिल्याच भेटीत सहा गोष्टी लिहिल्या जाव्यात : ज्वराचा कितवा दिवस, तापमान, नाडीची मिनिटाची गती, श्वासाची मिनिटाची गती, वरचा व खालचा रक्तदाब, आणि शेवटची लघवी केव्हा झाली ती वेळ. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्यात फसगत होते. रक्तदाबातील अंतर २० किंवा त्याहून कमी भरले तर वरचा आकडा समाधानकारक दिसत असला तरी त्यावर विसंबू नये.

यात आयुर्वेदाला परके असे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. दशविध परीक्षेत प्रमाण हा स्वतंत्र विषय आहेच. नाडीपरीक्षेचा अभिमान आपण बाळगतो, परंतु तीही बृहत्त्रयीत नसून शार्ङ्गधरसंहितेपासून ग्रंथात आली आणि पुढे योगरत्नाकरातील अष्टविध परीक्षेत स्थिरावली. आपल्या पूर्वसूरींनी आपापल्या काळात उपयुक्त साधन स्वीकारले. आपण रक्तदाबमापक स्वीकारणे हे त्याच परंपरेत बसते.

हेतू विचारल्याशिवाय निदान नाही

रूपांवरून पावसाळी ज्वर एकमेकांसारखे दिसतात. त्यांतील भेद पुष्कळदा हेतूने कळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुरात उल्हास व वालधुनीच्या काठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पुढील आठवड्यांत मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. जुलै २०१९ मध्ये उल्हासेला पुन्हा पूर आला व बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. अशा पुरानंतर एक प्रश्न प्रत्येक ज्वररुग्णास विचारलाच पाहिजे : ‘गेल्या महिनाभरात पुराच्या किंवा गटाराच्या पाण्यातून चाललात का, आणि पायाला जखम होती का?’ लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात, त्यामुळे रुग्ण आपण होऊन त्या पाण्याचा उल्लेख करीत नाही. पोटऱ्या दाबल्यावर असह्य वेदना, डोळ्यांत स्रावाविना लाली, लघवीचे प्रमाण घटणे आणि कावीळ ही चिन्हे असतील तर विलंब करू नये. पोटऱ्यांची वेदना ‘सामान उचलल्यामुळे’ म्हणून सोडून देणे आणि वर वेदनाशामक देणे हा मूत्रपिंडावर दुहेरी आघात ठरतो.

असेच प्रश्न इतर हेतूंबाबत विचारावेत. घरात पाण्याचे पिंप उघडे आहे का? शेजारी इमारतीचे बांधकाम चालू आहे का? इमारतीत आणखी कोणी तापाने आजारी आहे का? अलीकडे गावी जाऊन आलात का? थंडी वाजून ताप येतो व घाम येऊन जातो, असे दिसल्यास हिवतापासाठी रक्तकाचपट्टी त्याच दिवशी करावी.

प्रयोगशाळेचा अहवालही प्रश्न विचारून वाचावा लागतो. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयुक्त असते, आयजीएम त्यानंतर. सहाव्या दिवशीची एनएस-१ नकारार्थी आली म्हणून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही. विडालच्या एकाच चाचणीवर आंत्रिक ज्वर ठरवू नये. प्लेटलेटचा आकडा घरोघरी चर्चिला जातो. परंतु प्लेटलेट वेगाने उतरत असताना हिमॅटोक्रिट चढत असेल तर द्रव झिरपत आहे, ही खरी धोक्याची सूचना होय.

नाव न ठरल्याचा संकोच नको

रुग्ण विचारतो, ‘डॉक्टर, नक्की झालंय काय?’ आणि उत्तर देण्याच्या घाईत आपण एखादे नाव उच्चारतो. एकदा नाव उच्चारले की मन त्यालाच चिकटते व पुढची प्रत्येक खूण त्याच नावाखाली बसविली जाते. याबाबतीतही संहिता आपल्या पाठीशी आहे. व्याधीचे नाव सांगता आले नाही तरी वैद्याने संकोच करू नये, कारण सर्वच विकारांना निश्चित नावे असत नाहीत, असे चरकांनी त्रिशोथीय अध्यायात म्हटले आहे. नावाऐवजी प्रकृती, अधिष्ठान व हेतू यांचे ज्ञान ते महत्त्वाचे मानतात.

व्यवहारात केसपेपरवर ‘ज्वर, दिवस तिसरा, डेंग्यू संभव, हिवताप वगळावयाचा, उद्या पुन्हा पाहणे’ असे लिहिणे हे ‘व्हायरल’ असे एका शब्दात लिहिण्यापेक्षा प्रामाणिक आहे. विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायातील आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान या तीन साधनांपैकी अनुमान हे एकदाच करून संपणारे कर्म नाही. दर भेटीत ते नव्या प्रत्यक्षावर घासून पाहावयाचे असते.

हीच शिकवण आता शासनव्यवस्थेतही दिली जाते. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमानंतर आयुर्वेद पदवीधर आणि परिचारिका हे दोघेही या पदावर काम करतात. भारतीय परिचर्या परिषदेनेही अतिदक्षता विभागातील परिचारिकांसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आहे. पद्धतशीर इतिहास, मोजलेली चिन्हे, धोक्याच्या खुणा आणि योग्य वेळी वर पाठविणे हा या सर्व शिक्षणाचा गाभा आहे. खाजगी दवाखान्यातील वैद्याने यात मागे राहू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

बहुसंख्य ज्वररुग्ण आपल्याही आधी औषधाच्या दुकानात जातात. आमच्या औषधविक्रेत्या सभासदांना विनंती अशी की तापाची गोळी मागणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : ताप कितवा दिवस आहे, उलटी किंवा पोटदुखी आहे का, आणि लघवी नेहमीसारखी होते का. उत्तर शंकास्पद असेल तर गोळीपेक्षा सल्ला मोलाचा आहे. निदान होईपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे देऊ नयेत. डेंग्यूमध्ये त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आपल्या औषधांबाबतही तितकेच दक्ष राहावे. त्रिभुवनकीर्ती व संजीवनी वटी यांत वत्सनाभ आहे. वत्सनाभ औषधी कायद्याच्या ई-१ अनुसूचीत येतो आणि अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते, ती शोभेसाठी नव्हे. मात्रा वाढली किंवा शोधन सदोष असले तर वत्सनाभाने रक्तदाब उतरतो व हृदयाची लय बिघडते. ज्याचा रक्तदाब आधीच ढासळतो आहे अशा रुग्णाच्या हाती हे औषध गल्ल्यावरून जाणे अनिष्ट होय.

केव्हा पाठवावे

सतत उलट्या, तीव्र पोटदुखी, हिरड्या वा नाकातून रक्त, कमालीची ग्लानी किंवा बेचैनी, गार हातपाय, रक्तदाबातील कमी अंतर, सहा तासांहून अधिक काळ लघवी न होणे, कावीळ, धाप : यांपैकी एकही असल्यास रुग्णास त्याच वेळी रुग्णालयात पाठवावे. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय यांचे दूरध्वनी क्रमांक टेबलाच्या काचेखाली असावेत. चिठ्ठीत ज्वराचा दिवस, मोजलेले आकडे वेळेसह, आणि आपण दिलेली सर्व औषधे, आयुर्वेदीय औषधांसह, स्पष्ट लिहावीत. औषध लपविल्याने आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही आणि पुढच्या वैद्याचे अनुमान मात्र चुकते.

शेवटी दाखल्याविषयी. तापनाशक न घेता ४८ तास ताप नाही, अन्न टिकते आहे, लघवी सुरळीत आहे आणि रक्तदाब समाधानकारक आहे, एवढे पाहिल्याविना कामावर जाण्याचा दाखला देऊ नये, हा नियम आम्ही त्या सोमवारपासून पाळतो. रुग्ण कुरकुरतात, सुटीचा हिशेब सांगतात, क्वचित दुसऱ्या दवाखान्यात जातात. त्या तरुणाची आई अजूनही येते. आल्यावर ती आधी त्याच्या मुलीचा खोकला सांगते, मग स्वतःचे गुडघे. आम्ही दोघींचीही नाडी मोजतो आणि केसपेपरवर आकडा लिहितो.