मेंदूच्या पाटाचे पाणी

आमच्या मलकापूर भागात शेतीपंपाची वीज बरेचदा रात्रीच यायची. माझ्या थोरल्या चुलत्यांची निम्मी हयात रात्री उसाला दारं धरण्यात गेली. आज त्यांना स्वतःचे शेत ओळखता येत नाही. "रात्रीचं जागून जागूनच झालं काय रं हे?" असे काकींनी विचारले, तेव्हा मी गप्प बसलो. मी डॉक्टर नाही. पण त्या प्रश्नासाठी वाचत गेलो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायूचा खर्च सुमारे २० टक्के. चूल एवढी पेटती, तर राखही तेवढीच. इतर अवयवांतील टाकाऊ द्रव्ये लसिकावाहिन्या वाहून नेतात. मेंदूच्या गाभ्यात त्या नाहीत. मग राख काढते कोण?

मेंदूतील पोकळ्यांमध्ये कोरॉइड प्लेक्सस नावाची झालरीसारखी ऊती असते. मेंदूभोवतीचा पाण्यासारखा द्रव मुख्यतः तीच तयार करते. प्रौढ माणसात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. म्हणजे हे पाणी दिवसातून तीनेकदा बदलते. ही झालर गर्भात कशी घडते, यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटाने काम केले आहे. 'विंट' हा पेशींमधला रासायनिक संकेत अखंड चालू राहिला, तर उंदराच्या गर्भात झालरीच्या पेशी आपली ओळख सोडून चेतापेशींसारख्या होऊ लागतात, असे त्यांनी २०२२ मध्ये दाखवले.

हा द्रव मेंदूच्या आत कसा खेळतो, याचे चित्र २०१२ मध्ये अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठात मायकेन नेदरगार्ड आणि जेफ्री इलिफ यांनी मांडले. तो धमन्यांच्या कडेकडेने आत शिरतो. धमन्यांना वेढणाऱ्या ताराकृती पेशींवर 'ॲक्वापोरिन-४' नावाची, पाण्याला वाट देणारी सूक्ष्म दारे असतात. आत गेलेले पाणी अल्झायमरशी जोडलेल्या अमिलॉइड-बीटासारखा कचरा घेऊन शिरांच्या बाजूने बाहेर पडते. या व्यवस्थेला ग्लिम्फॅटिक म्हणतात. २०१३ मध्ये याच गटाला झोपलेल्या उंदरांत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी रुंदावलेली आणि अमिलॉइड दुप्पट वेगाने निघताना दिसले.

"झोपेत मेंदू धुतला जातो" हे वाक्य तेव्हापासून सर्वतोमुखी झाले. पण वाद मिटलेला नाही. २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाने उलट निष्कर्ष काढला: उंदरांत झोपेत आणि भुलीखाली रंगद्रव्य मेंदूतून कमी वेगाने निघते. मोजण्याच्या पद्धतीवरून दोन्ही बाजू अजून भांडत आहेत. माणसांत, २०१९ मध्ये बोस्टन विद्यापीठातील संशोधकांना गाढ झोपेत या द्रवाच्या संथ लाटा दिसल्या. लाटा दिसल्या म्हणजे कचरा गेला, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

शिवाय अल्झायमरमध्ये आजार उघड होण्याआधीच झोप बिघडू शकते. अपुऱ्या झोपेने आजार आला की येणाऱ्या आजाराने झोप नेली, हे एका माणसापुरते सांगता येत नाही. पन्नाशी-साठीत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका काहीसा अधिक आढळला आहे, पण तो मोठ्या समूहाचा हिशेब आहे.

काकींना मी एवढेच सांगितले, "जागरणाने अपाय होतो हे खरं. पण काकांना हे जागरणानंच झालं, असं कुणालाच म्हणता येणार नाही." काका आता रात्री उठून बसतात, "पाणी सुटलं काय?" म्हणून विचारतात. त्यांच्याबरोबर काकींचीही झोप मोडते. म्हणून घरात आम्ही आता रात्रीच्या पाळ्या लावल्या आहेत. काकींना सलग झोप मिळावी, एवढे तरी आमच्या हातात आहे.