भोकरदनला ग्रुपने फिरायला जाताय? मग फुटका मणी खिशात टाकू नका!

जालना म्हटलं की स्टील आणि बियाणं आठवतं. पण या जिल्ह्यातली कारागिरी दोन हजार वर्षं जुनी आहे. ती समजून घ्यायची तर ग्रुप जमवा आणि भोकरदनला केळणा नदीच्या काठाने पायी फिरा.

इथं काय होतं?

सातवाहन काळात या गावाचं नाव होतं भोगवर्धन. पैठणहून अजिंठ्याकडे आणि पुढे उज्जैनला जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे शहर. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांतही भोगवर्धनच्या लोकांची नोंद आहे.

१९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. मणी, शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती वस्तू सापडल्या. त्यातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती थेट इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय मूर्तीशी जुळणारी आहे. पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं. ती मूर्ती भोकरदनलाच घडली, असं काही अभ्यासक म्हणतात. मात्र त्यावर एकमत नाही.

मग तिथं बघायचं काय?

चिमणी नाही, यंत्रं नाहीत. अशा जुन्या वस्त्यांवर असते ती पांढरीची माती आणि खापरं. पण नजर हवी.

अकीकाचा मणी करताना दगड तापवायचा, ठोकून आकार द्यायचा, भोक पाडायचं, मग घासून चमकवायचा. भोक पाडताना मणी फुटला की तो फेकून दिला जायचा.

तयार मणी व्यापाऱ्याने कुठूनही आणलेला असू शकतो. अर्धवट भोकाचा फुटका मणी मात्र कुणी विकत आणत नाही. म्हणजे तो इथंच घडत होता! कारखान्याचा खरा पुरावा हा कचराच.

एक उचलला तर काय बिघडतं?

मणी कुठे पडला होता, शेजारी दगडाच्या कपच्या होत्या का, यावरून काम कुठे चालायचं ते कळतं. खिशात गेला की तो नुसता खडा. आधीच पांढरीची माती लोक शेतात, घरकामाला नेतात. त्यात वीस जणांच्या ग्रुपने एकेक ‘आठवण’ नेली तर?

शिवाय १८७८ च्या ‘ट्रेझर ट्रोव्ह’ कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

म्हणून शेजारी पेन ठेवून फोटो काढा, वस्तू जागीच राहू द्या. आणि रील टाकताना नेमकं लोकेशन तेवढं टाकू नका.