एकरी उतारा आणि डिझेलचा हिशेब

आयोवात मैलोन्‌मैल मका. ट्रॅक्टरवर एकटा माणूस, शेकडो एकर उरकतो. फोनवर हे ऐकलं की गावाकडून बाबा विचारतात, "अरे, पण डिझेल किती जळतं?"

हाच हिशेब कॉर्नेल विद्यापीठाच्या डेव्हिड पिमेंटेल यांनी १९७३ मध्ये मांडला. १९४५ ते १९७० दरम्यान अमेरिकेत मक्याचा एकरी उतारा दुपटीहून वाढला. पण खर्चलेल्या एका कॅलरीमागे हाती येणाऱ्या कॅलरी ३.७ वरून २.८ वर घसरल्या. मोठा वाटा नत्रखताचा. ते नैसर्गिक वायूपासून बनतं.

बाबांना लगेच पटलं. वीज रात्रीची येते म्हणून अंधारात मोटर चालू करायला जाणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. इकडचा उतारा पाहून हरखताना त्यांचा प्रश्नही विचारूया.