विश्लेषण : ताकदवान गाडी चढावरच ‘मिसिंग’ का मारते? दोष शोधायचा कसा?

खालापूरचा टोलनाका मागे पडला आहे आणि समोर बोरघाटाची चढण आहे. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन असलेली गाडी इथवर लोण्यासारखी आली. चढावर ट्रक मागे टाकण्यासाठी एक्सिलरेटर दाबला आणि गाडी झेपावण्याऐवजी थरथरू लागली. दोन-चार झटके बसले आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. लोणावळ्यात गाडी उभी केली, तर इंजिनाचा आवाज पुन्हा एकसारखा, जणू काही झालेच नाही.

पुढची गोष्ट अशा गाड्यांच्या अनेक मालकांना पाठ असते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, ‘पी०३०२’ असा कोड दिसतो. ‘दोन नंबरची कॉइल गेली’ असे सांगून कॉइल बदलली जाते. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग चारही प्लग, मग इंजेक्टर. बिल वाढत जाते आणि घाटात गाडी पुन्हा झटके देते. यात मेकॅनिकची लबाडी असतेच असे नाही. बहुतेक वेळा कोडचा अर्थ लावण्यात चूक झालेली असते.

मिसफायर म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला ‘गाडी मिसिंग मारते’ म्हणतात, तोच हा मिसफायर. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबले गेले, पण ते पेटलेच नाही किंवा अर्धवट पेटले, की त्या सिलिंडरकडून मिळणारा धक्का हुकतो. त्यासाठी तीनच गोष्टी लागतात : योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात इंधन-हवा आणि पुरेसा दाब. यातली एक जरी हुकली तरी मिसफायर होतो. निदान अवघड होते ते यामुळेच, कारण लक्षण एकच आणि कारणे तीन वेगळ्या घरांतली.

चार सिलिंडरचे इंजिन ६००० आरपीएमवर फिरते तेव्हा दर सेकंदाला २०० वेळा मिश्रण पेटते. म्हणजे दोन ज्वलनांमध्ये जेमतेम पाच मिलिसेकंद. सेकंदाला यातली दहा ज्वलने जरी हुकली तरी चालकाला ती सीटखाली जाणवतात.

संगणकाला हे कळते कसे?

सिलिंडरच्या आत डोकावणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत नसतो. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, हे ओळखतो क्रँकशाफ्टच्या वेगावरून. क्रँकशाफ्टला दात असलेले एक चाक जोडलेले असते. अनेक गाड्यांत ६० दातांची जागा आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले, अशी त्याची रचना असते. दात सेन्सरसमोरून जायला किती वेळ लागला, हे ईसीयू मोजत राहतो. प्रत्येक ज्वलनानंतर क्रँक किंचित वेग घेतो. एखाद्या सिलिंडरच्या पाळीला तो वेग मिळाला नाही, की ती पाळी हुकली अशी नोंद होते. नोंदी ठरावीक मर्यादेपुढे गेल्या की कोड पडतो.

म्हणजे ‘पी०३०२’चा अर्थ एवढाच : दुसऱ्या सिलिंडरच्या पाळीला क्रँकने अपेक्षेप्रमाणे वेग घेतला नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. ‘पी०३००’ आला तर मिसफायर एका सिलिंडरला चिकटलेला नाही, तो विखुरलेला आहे. तेव्हा संशय सगळ्या सिलिंडरना सामाईक असलेल्या गोष्टींवर जातो, उदाहरणार्थ इंधनाचा दाब, हवेची गळती किंवा पेट्रोल.

या पद्धतीची एक गंमतही आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांकडून येणारे हादरे क्रँकपर्यंत पोहोचतात आणि ते मिसफायरसारखेच दिसतात. त्यामुळे अनेक गाड्यांत रस्ता खराब असल्याचे ओळखून ही मोजणी तात्पुरती थांबवण्याची सोय असते. आपल्या रस्त्यांवर तिला किती काम पडत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. परफॉर्मन्स गाड्यांत आणखी एक भानगड होते. मूळ जड फ्लायव्हील काढून हलके बसवले, तर क्रँकची नैसर्गिक थरथर वाढते आणि इंजिन ठणठणीत असतानाही मिसफायरचे कोड पडू शकतात. म्हणून गाडीत काय काय बदलले आहे, हे मेकॅनिकला आधी सांगावे. लाजण्यात पैसेच जातात.

लुकलुकणारा दिवा गंभीर का?

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल, तर काळजी घेऊन गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. दिवा लुकलुकत असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला इजा होईल इतका मिसफायर आत्ता, या क्षणी होतो आहे, असा त्याचा अर्थ. न जळलेले पेट्रोल आणि वापरला न गेलेला ऑक्सिजन दोन्ही सायलेन्सरच्या वाटेने कन्व्हर्टरमध्ये पोहोचतात आणि तिथे जळतात. आतले तापमान हजार अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेले, तर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा थर निकामी होऊ लागतो. आणखी तापले तर आतली सिरॅमिकची जाळी वितळून वाट अडते.

ईसीयूची फसगतही इथेच होते. न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, त्याला वाटते मिश्रणात पेट्रोल कमी आहे आणि तो पेट्रोल वाढवतो. ज्या कन्व्हर्टरला आधीच जास्त पेट्रोल मिळते आहे, त्याला आणखी मिळते. काही ईसीयू अशा वेळी त्या सिलिंडरचा इंजेक्टरच बंद करतात. लुकलुकता दिवा दिसला की एक्सिलरेटर सोडणे, बाजूला थांबणे आणि दिवा थांबत नसेल तर गाडी टोइंगने नेणे, हाच स्वस्त पर्याय. कॉइल आणि कन्व्हर्टर यांच्या किमतीत फार मोठे अंतर आहे.

चढावरच का, उभ्या गाडीत का नाही?

निदानाचा सगळ्यात मोठा धागा इथे आहे. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस घ्या. २०१७ मध्ये ती भारतात आली तेव्हा तिचे दोन लिटरचे टर्बो इंजिन २३० पीएस ताकद आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क देत होते. २०२० मध्ये २४५ पीएसच्या केवळ २०० गाड्या भारतासाठी आणल्या गेल्या. एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद निघते, कारण टर्बो सिलिंडरमध्ये हवा कोंबतो.

आता प्लगच्या टोकाकडे पाहू. ठिणगीला प्लगच्या फटीतून उडी मारायची असते. फटीतली हवा जितकी दाट, तितका उडीसाठी लागणारा विद्युतदाब जास्त. गाडी उभी असताना साधारण दहा हजार व्होल्टमध्ये जे काम भागते, त्यासाठी टर्बो पूर्ण जोरात असताना २० ते ३० हजार व्होल्ट लागू शकतात. कॉइल थोडी थकलेली असेल, तिच्या रबरी बुटाला बारीक चीर गेली असेल किंवा प्लगची फट झिजून वाढली असेल, तर शांत चालवताना काहीच कळत नाही. घाटात भार आला की ठिणगी फटीतून न जाता बाहेरून इंजिनाच्या धातूकडे सोपी वाट शोधते.

म्हणूनच ‘स्टेज वन’ रिमॅप केलेल्या गाड्यांत ही तक्रार जास्त. टर्बोचा दाब वाढवला, पण प्लग जुनेच. प्लगची फट ०.८ मिलिमीटरवरून ०.७ करणे, म्हणजे केसाच्या जाडीएवढा फरक, कधी कधी एवढ्यानेच घाटातले झटके थांबतात. ताकद वाढवलेल्या इंजिनांसाठी उष्णता लवकर बाहेर टाकणारे, ‘कोल्ड’ प्रकारचे प्लगही वापरले जातात. अर्थात, रिमॅप केला की कंपनीची वॉरंटी अडचणीत येते, हे बहुतेकांना बिल हातात पडल्यावर आठवते.

पार्ट न बदलता दोष कसा पकडायचा?

कोड पडला त्या क्षणी इंजिन कोणत्या अवस्थेत होते, याची नोंद ईसीयू जपून ठेवतो. तिला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. आरपीएम, भार, वेग, कूलंटचे तापमान हे सगळे त्यात असते. कोड पुसला की तीही जाते, आणि अनेक ठिकाणी पहिले काम होते ते कोड पुसण्याचे. म्हणून आधी फोटो काढून ठेवावा.

त्यानंतरची चाचणी फुकट आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि गाडी त्याच परिस्थितीत, म्हणजे भाराखाली, चालवून बघायची. कोड ‘पी०३०३’ झाला तर दोष कॉइलसोबत सरकला, कॉइलच गुन्हेगार. कोड जागचा हलला नाही तर कॉइल निर्दोष, मग प्लगची अदलाबदल. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन्ही एकदम बदलल्या तर गाडी सुधारेल कदाचित, पण कशामुळे ते कळणार नाही. काढलेला प्लगही बोलतो. पांढऱ्या सिरॅमिकवर काळी रेघ असेल तर ठिणगी बाहेरून पळत होती, प्लग तेलकट असेल तर तेल आत येते आहे, पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोहोचते पण पेटत नाही.

इंजेक्टरची अदलाबदल मात्र थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत सोपी नाही. बऱ्याचदा इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागतो आणि इंजेक्टर बाहेर काढला की त्याचे सील नवे घालावे लागते. त्यामुळे तिथे हात घालण्यापूर्वी ठिणगीची बाजू पूर्ण तपासलेली असावी, आणि भाराखाली इंधनाचा दाब टिकतो का, हे स्कॅनरवर पाहिलेले असावे.

फ्रीझ फ्रेममध्ये इंजिन थंड आणि आरपीएम आयडलिंगचे दिसले, तर गोष्ट वेगळी. थेट फवारणीच्या इंजिनांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि तेलाच्या वाफांचा कार्बन त्यांच्यावर थरावर थर साचतो. सकाळी पहिल्या स्टार्टला मिनिटभर गाडी थरथरते, गरम झाली की शांत होते. टाकीत ओतायच्या क्लीनरचा इथे उपयोग नसतो, कारण तो त्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून हा कार्बन काढला जातो. ऐकायला घरगुती उपाय वाटतो, पण ही जगभर रूढ असलेली पद्धत आहे.

आयडलिंगला झटके आणि एक्सिलरेटर दिल्यावर सुधारणा, असे असेल तर कुठून तरी जास्तीची हवा आत शिरत असण्याची शक्यता मोठी. ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो आहे, ते ‘फ्युएल ट्रिम’च्या आकड्यात दिसते. इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहिले की गळती सापडते.

भीती वाटते ती चाचणी

ठिणगी ठीक, इंधन ठीक, हवा ठीक, तरी तोच सिलिंडर हुकतो. मग दाब मोजावा लागतो. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला, तर लीकडाउन चाचणी करतात. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरायची आणि कान देऊन ऐकायचे. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेककडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टन किंवा रिंग, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गास्केट.

टर्बो गाड्यांत पिस्टन फुटण्यामागे एक सवय असू शकते. सहाव्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमला, पूर्ण एक्सिलरेटर. अशा वेळी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि त्या एका फटक्याने पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते. चढावर गिअर खाली आणणे इंजिनाला जास्त मानवते.

पावसाळा, उंदीर आणि प्रेशरचे पाणी

पुस्तकात नसलेली कारणेही आहेत. वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरने पाणी मारले की ते प्लगच्या खोबणीत साचते आणि दुसऱ्या दिवशी गाडी मिसिंग मारते. पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला आलेले उंदीर कॉइल आणि इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात. अशा गाडीत कॉइल कितीही बदलल्या तरी फरक पडत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतली ओल ओढते, त्यामुळे शनिवार-रविवारसाठी ठेवलेली, महिनोन्महिने उभी असलेली गाडी बाहेर काढताना टाकीतल्या जुन्या पेट्रोलवरही संशय घ्यावा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते आणि तेवढ्याच हवेसाठी इंधनही जास्त लागते. रिमॅप करताना हे धरलेले नसेल, तर भाराखाली मिश्रण पातळ पडू शकते.

जुनी गाडी घेताना हे कसे तपासाल?

अशा गाड्या आता सेकंडहँड बाजारात आहेत आणि विकण्याआधी कोड पुसणे हे मिनिटाचे काम आहे. मात्र कोड पुसला की ईसीयूच्या स्वयंचाचण्याही शून्यावर येतात. ‘रेडिनेस’ या मेनूत त्या ‘अपूर्ण’ दिसतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची चाचणी पूर्ण व्हायला तर बऱ्याचदा अनेक फेऱ्या लागतात. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथ स्कॅनर लावला, तर बऱ्याच गाड्यांत आणखी एक आकडा मोबाइलवर दिसतो : कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तो आकडा १२ असेल, तर विक्रेत्याकडे गाडी रात्रभर थंड ठेवायला सांगावी आणि सकाळी पहिला स्टार्ट स्वतः मारून एखाद्या चढावर न्यावी.