टेनिस एल्बो : व्यायामाचा उपचार

माणदेशातील म्हसवड हे गाव घोंगड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. मेंढ्यांची लोकर कातरणे, सूत काढणे, मागावर घोंगडी विणणे या कामांत मूठ आवळून मनगट सतत हलवावे लागते. अशा श्रमांमुळे कोपराच्या बाहेरील बाजूस जडणाऱ्या दुखण्यास ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. नाव खेळाचे असले, तरी बहुतेक रुग्णांनी रॅकेट कधी हाती धरलेली नसते. सुतार, गवंडी आणि धुणी पिळणाऱ्या गृहिणी यांनाही ही व्याधी होते. २००५ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्यावर लंडन येथे तीसाठी शस्त्रक्रिया झाली आणि हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. शस्त्रक्रियेची वेळ मात्र फार थोड्यांवर येते.

मनगट उचलणारे स्नायू ज्या स्नायुबंधाने कोपराच्या हाडाला जोडलेले असतात, त्याची अतिताणामुळे झीज होते. हात बांधून ठेवल्याने तो दुबळाच राहतो; बेताने वाढविलेल्या भाराने तो बळकट होतो.

व्यायाम साधा आहे. हात मांडीवर टेकवावा, तळवा खाली आणि मनगट गुडघ्याच्या पुढे असावे. मुठीत अर्धा लिटर पाण्याची बाटली धरावी. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यावे व आधार काढून चार-पाच अंक मोजत सावकाश खाली सोडावे. असे दहा ते पंधरा वेळा, थोड्या विश्रांतीने तीनदा करावे. किंचित दुखल्यास चिंता नको. दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला, तर भार कमी करावा. गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात.

हातावर पोट असणाऱ्यास इतका धीर धरणे कठीण जाते व तो स्टेरॉइडच्या इंजेक्शनकडे वळतो. ब्रिस्बेन येथे १९८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेले सर्वांत पुढे होते. नंतर मात्र त्यांतील ७२ टक्के रुग्णांचे दुखणे उलटले. वर्षअखेरीस व्यायामासह भौतिकोपचार घेतलेल्यांची स्थिती त्यांच्यापेक्षा चांगली होती. नुसती वाट पाहणारेही तोवर बहुतांशी बरे झाले होते, पण त्यांना त्रास अधिक काळ सोसावा लागला.

बोटांना मुंग्या येणे, कोपर सुजणे किंवा पडल्यानंतर दुखू लागणे, अशा वेळी आधी डॉक्टरांना दाखवावे. काम करताना वजन तळवा वर ठेवून उचलावे आणि अवजाराची बारीक मूठ कापड गुंडाळून जाड करावी.